महिन्याला चाळीस डॉलर आणि सिगारची सुरुवात: जाणकारांनी मार्गदर्शन करावं

ओंकार_लेकलँड

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी मूळचा मिरजेचा. सध्या फ्लोरिडात लेकलँडला एका मोठ्या गोदामात मालाच्या नियोजनाचं काम करतो. मार्चमध्ये आमच्या सुपरवायझरला नातू झाला. ते क्यूबन घराण्यातले. आपण पेढे वाटतो तसे त्यांनी शिफ्ट संपल्यावर आम्हाला एकेक सिगार वाटले. मी आयुष्यात कधी सिगरेटसुद्धा ओढलेली नाही. पण त्यांचा मान राखायचा म्हणून मागच्या पार्किंगमध्ये त्यांच्याबरोबर बसलो. पहिली वीस मिनिटं मला अजून आठवतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, मग ओल्या लाकडाचा, मधूनच कॉफीचा. अर्ध्यावर मात्र दरदरून घाम आला, डोकं गरगरायला लागलं आणि मी सिगार ठेवून दिला.

तरी ती वीस मिनिटं डोक्यातून जाईनात. म्हणून इंटरनेटवरून बारा वेगवेगळ्या सिगारचं पाकीट आणि एक लाकडी पेटी मागवली. सगळे मिळून ७० डॉलर गेले. तीन आठवड्यांत सिगार इतके कोरडे पडले की बोटांत धरल्यावर वरचं पान चरचरून फाटतं. दोन ओढून पाहिले, दोन्ही तिखट आणि कडू लागले.

घरी पैसे पाठवून माझ्याकडे या छंदासाठी महिन्याला ४० डॉलर उरतात. त्याच्या वर एक डॉलरही नाही. एवढ्यात नीट सुरुवात होते का? काय घ्यावं, कुठे ठेवावं, चक्कर कशी टाळावी? आणखी एक. घराजवळच्या पेट्रोल पंपावर एक जण 'अस्सल क्यूबन' दहा डॉलरला देतो म्हणतोय. घ्यावे का?

किरण_एडिसन

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: घेऊ नका. अमेरिकेत १९६२ पासून क्यूबाच्या मालावर बंदी आहे. मधली काही वर्षं प्रवाशांना स्वतःपुरते आणता येत होते, तेही २०२० मध्ये बंद झालं. पेट्रोल पंपावर दहा डॉलरला क्यूबन सिगार मिळतच नाही. मिळतो तो फक्त कागदी पट्टा, आत काय भरलंय देव जाणे.

आणि तुम्ही फ्लोरिडात आहात हे तुमचं भाग्य. आमच्या न्यू जर्सीत सिगारच्या घाऊक किमतीवर राज्य ३० टक्के कर लावतं. फ्लोरिडात सिगारवर राज्याचा तंबाखू कर नाही, फक्त नेहमीचा विक्रीकर. तोच सिगार तुम्हाला स्वस्त पडतो.

बारा प्रकारची पाकिटं घेऊ नका. दुकानात जा, सुटे घ्या. बाकी सांगायला निपाणीकर येतीलच, ते तुमच्याजवळ टॅम्पातच असतात.

निपाणीकर

ओंकार, रात्रपाळीहून आलो आणि तुमचा धागा दिसला. झोप बाजूला ठेवून लिहितोय, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही असाच पैसे घालवून बसलो होतो.

चूक सिगारची नाही, पेटीची आहे. स्वस्त लाकडी पेटीचं झाकण हवाबंद बसत नाही. शिवाय कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा पिऊन टाकतं. ती पेटी वापरायचीच तर आधी दोन आठवडे लाकडाला ओल पाजावी लागते. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. स्वयंपाकघरातला रबरी कडेच्या झाकणाचा, चारही बाजूंनी खटके लागणारा डबा घ्या. डाळ-तांदळाचा वास नको, नवाच घ्या. त्यात बोवेडाची ६० ग्रॅमची पुडी टाका, ६५ किंवा ६९ आकड्याची. तो आकडा म्हणजे डब्यातल्या हवेची आर्द्रता टक्क्यांत. पुडी ओलावा देतेही आणि जास्त झाला तर ओढूनही घेते. डबा आणि पुडी मिळून पंधरा डॉलरच्या आत काम होतं आणि पुडी काही महिने चालते. डबा कपाटात ठेवा, खिडकीत नको, गाडीत तर अजिबात नको. तुमचे ते कोरडे सिगार टाकू नका. त्या डब्यात महिना-दीड महिना पडू द्यात. सुगंधी तेल उडालं असेल ते परत येणार नाही, पण फाटणं थांबेल.

आता पानाबद्दल. हे मी जरा सविस्तर लिहिणार, कारण एवढं कळलं की पैसे आपोआप वाचतात.

माझं घर तंबाखूवाल्यांचं. निपाणीला दोन एकर असायची. ८१ सालच्या तंबाखू आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे हायवेवर बसलेल्यांत माझे आजोबा होते. आमची तंबाखू विडीची, उन्हात वाळवलेली. सिगारची पानं मात्र कोठारात सावलीला टांगून वाळवतात आणि मग मोठे ढीग रचून महिनोन्महिने मुरवतात. त्या ढिगाला स्पॅनिशमध्ये पिलोन म्हणतात. ढीग आतून तापतो. ठरावीक ऊब आली की मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला हे हातवारे करून सांगितलं, तेव्हा मला आजोबा दिसले. बोदात, म्हणजे तंबाखूच्या मोठ्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालून ते मुठीतली तंबाखू नाकाशी न्यायचे आणि किती दिवस थांबायचं ते सांगायचे.

सिगारमध्ये तीन थर असतात. आतलं भरण, ते बांधून ठेवणारं पान, आणि वरचं देखणं पान, म्हणजे रॅपर. भरणातली पानं झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची. खालची सेको, ती पटकन जळतात. मधली विसो. शेंड्याजवळची लिहेरो, त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं म्हणून ती जाड आणि जोरदार. आपल्याकडे शेंडा खुडला की झाडाचा जोर पानांत उतरतो म्हणतात, तीच गोष्ट. लिहेरो हळू जळतं म्हणून कारागीर ते मधोमध घालतो. तुम्हाला जी चक्कर आली ती बहुधा लिहेरोची, आणि रिकाम्या पोटाची. शिफ्टनंतर जेवला नव्हता ना? पोटभर जेवून मगच बसायचं. जवळ गूळ किंवा गोड सरबत ठेवा. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. धूर तोंडातच ठेवून सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. मध्येच विझला तर राख झटकून परत पेटवा. घाईघाईने ओढलात तर सिगार तापतो आणि कडू होतो. कितीतरी जण त्यालाच हलका माल समजतात.

रंगावरून जोर ठरवू नका. काळपट मादुरो रॅपर जास्त मुरवलेलं असतं, चवीला बऱ्याचदा गोडसर आणि मऊ. फिकट पान अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचं, ते कापडी मांडवाखाली वाढवतात. त्याच बियाण्याचं पान इक्वेडोरमध्येही होतं. तिथे आभाळ इतकं भरलेलं असतं की मांडव लागतच नाही, ढगच सावली धरतात.

आता चाळीस डॉलर. पहिल्या महिन्यातले पंधरा डबा-पुडीचे. सिगारचं बंद टोक कापायला पाच डॉलरचा दुहेरी पात्याचा साधा कटर. लायटर साधा बिकचा चालतो, रॉकेलसारखा वास येणारा पेट्रोलचा मात्र नको. उरलेल्या वीसमध्ये दोन सिगार. हो, दोनच. आणि दोन्ही एकच.

बाकीचं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: एकाच जातीचे दोन घ्या. एक या आठवड्यात ओढा, दुसरा डब्यात महिनाभर ठेवून मग. पहिल्यांदा पोट, हवा, मूड, सगळं मध्ये येतं. दुसऱ्यांदा कळतं की ती चव सिगारची होती का त्या दिवसाची. बारा वेगवेगळे ओढून बारापैकी एकाचीही ओळख होत नाही, पैसे मात्र बाराचे जातात. एक वही करा. त्यात 'शेंगदाणे, ओलं लाकूड' असंच लिहा, तुमच्या धाग्यात लिहिलंत तसं. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं चामडं नि कोको शोधत बसू नका. मला कितीदा जुन्या वखारीचा वास येतो, मी तोच लिहितो.

नावं सांगतो. पाद्रोन २०००, पाच इंच लांब, निकाराग्वाचा. मी घेतो तिथे दहा डॉलरच्या आत मिळतो. तोच मादुरोतही मिळतो. शातो फुएंते, डोमिनिकन रिपब्लिकचा, फिकट कनेटिकट पान, सौम्य. तो देवदाराच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला येतो, पापुद्रा फेकू नका, डब्यात टाका. तुमच्यासाठी पहिली जोडी मी शातोचीच सांगेन. रोजच्या वापराला फुएंतेचाच कर्ली हेड, निम्म्या किमतीत. त्यात लांब पानांऐवजी कापलेल्या पानांचं भरण असतं म्हणून स्वस्त, राख लवकर पडते, पण चव प्रामाणिक. टॅम्पाच्या न्यूमन घराण्याचे ब्रिक हाउस आणि गठ्ठ्यात मिळणारा कोरम हेही परवडणारे.

मापाचं एक. रिंग गेज म्हणजे जाडी, इंचाचे ६४ भाग धरून. ५० म्हणजे साधारण २० मिलिमीटर. पाच इंच आणि ५० गेज म्हणजे रोबुस्तो, तो पाऊण ते एक तास चालतो. साठ गेजचे जाडजूड ओंडके हल्ली खूप दिसतात. त्यात तुम्ही नुसते जास्त पैसे देता. बारीक सिगारमध्ये रॅपरची चव जास्त लागते. ४२ गेजचा, 'कोरोना' नावाच्या मापाचा मिळाला तर जरूर घ्या.

पाद्रोनबद्दल एक सांगतोच. होसे ओर्लांदो पाद्रोन क्यूबातून मायामीत निर्वासित म्हणून आले. कोणीतरी दिलेल्या एका लहान हातोडीने त्यांनी सुतारकाम केलं, ६०० डॉलर साठवले आणि १९६४ मध्ये कारखाना काढला. ही गोष्ट मला माझ्या मोठ्या मुलाला सांगायला आवडते.

डॉ_मृण्मयी

मी दंतवैद्य आहे. नाशिकला दहा वर्षं प्रॅक्टिस केली, आता अटलांटात. ओंकार, तुमच्या धाग्यावर तंबाखू वाईट असं नुसतं ओरडून जाणार नाही. पण काही गोष्टी तुम्हाला सुरुवातीलाच माहीत असायला हव्यात.

धूर छातीत घेतला नाही म्हणजे निकोटीन गेलं नाही असं होत नाही. सिगारची तंबाखू मुरवलेली असल्यामुळे तिचा धूर अल्कधर्मी असतो, आणि त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरतं. तुम्हाला चक्कर आली ती यामुळे. मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. फुप्फुसाचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा जास्तच, सिगरेटवाल्यापेक्षा कमी. पण तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका खरा आहे. सुरक्षित असं प्रमाण नाही.

तुम्ही महिन्याला दोन-चार ओढणार असाल तर तेवढ्यावरच राहा. दारूबरोबर ओढू नका, दोन्ही एकत्र आले की तोंडाचा धोका खूप वाढतो. सहा महिन्यांतून एकदा तोंड तपासून घ्या. न पुसली जाणारी पांढरी किंवा लाल चकती, तीन आठवड्यांत न भरलेलं तोंड येणं, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. माझ्या वडिलांनी वाट बघितली होती.

निपाणीकर

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी आधीच लिहायला हवं होतं. आमच्या घरी आजीच्या दातांना मिश्री होती, आणि आत्या वखारीत तंबाखू चाळायची. तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. तंबाखूने आमचं घर चालवलं आणि माणसंही नेली, दोन्ही मला माहीत आहे. मी स्वतः महिन्याला तीन ओढतो, रविवारी दुपारी, अंगणात, मुलं घरात असतात तेव्हा. चौथा डब्यात असला तरी काढत नाही. ओंकार, तुमचं ४० डॉलरचं बंधन मला म्हणूनच आवडलं. पगार वाढला तरी ते वाढवू नका.

हेरंब_चेन्नई

थोडं विषयांतर. चिरूट हा आपला शब्द तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून आलाय, म्हणजे गुंडाळलेलं. तिरुचिरापल्ली आणि दिंडीगुलकडचे चिरूट एकेकाळी थेट इंग्लंडला जायचे. कधी सुट्टीला आलात तर चाखून बघा. फार जोरदार असतात, अर्धाच पुरे.

आणि मिरजेला येताना कोणासाठी सिगार आणणार असाल तर भारतात विनाशुल्क मर्यादा २५ सिगारची आहे. सिगरेटी धरल्या तर १००, सुटी तंबाखू १२५ ग्रॅम, यातलं कोणतंही एक. वरचं सगळं दंडासारखं महाग पडतं. पावसाळ्यात आणलेत तर पुडी बरोबर द्या, नाहीतर कोल्हापूर-सांगलीच्या हवेत आठवड्यात बुरशी.

ओंकार_लेकलँड

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत लिहितोय.

डबा घेतला, ६५ ची पुडी टाकली. शातो फुएंतेची जोडी आणली. पहिला जेवून, हळू, बाल्कनीत. एक तास पाच मिनिटं. चक्कर नाही. वहीत लिहिलंय: 'दूध आटवल्याचा वास, शेवटी किंचित मिरी.' दुसरा परवा ओढला. मिरी गेली होती, दूध होतं. तेव्हा निपाणीकरांचं म्हणणं कळलं.

गेल्या शनिवारी ईबोर सिटीला, टॅम्पातल्या सिगार कारखान्यांच्या जुन्या वस्तीत, जाऊन आलो. टॅम्पा डाउनटाउनमधून जुन्या धाटणीची ट्राम फुकट आहे. रस्त्यात कोंबडे मोकळे फिरत होते, मला मिरजेची गल्लीच आठवली. न्यूमनचा १९१० चा घड्याळाच्या मनोऱ्याचा कारखाना आतून पाहिला. तिथल्या हातांनी चालवायच्या जुन्या मशिनी अजून चालू आहेत. पण सगळ्यात जास्त मनात राहिला तो लेक्तोर. पूर्वी कारखान्यात उंच माचावर बसून एक माणूस दिवसभर कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार मालक नाही, कामगार स्वतःच्या कमाईतून द्यायचे. १९३१ मध्ये मालकांनी ते बंद केलं आणि रेडिओ लावला. मी गोदामात दिवसभर कानात हेडफोन घालून असतो. त्या माचाखाली बराच वेळ उभा होतो.

आता एक अडचण. जुन्या बारातले जे उरले होते ते त्याच डब्यात ठेवले होते. काल त्यातल्या एकावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं आणि खाली तपकिरी भुकटी. हे काय आहे? बाकीच्यांना लागेल का?

निपाणीकर

किडा आहे. तंबाखूचा भुंगा. पानातच अंडी असतात, २३-२४ अंशांच्या वर ऊब गेली की फुटतात. फ्लोरिडात एसी दोन दिवस बंद राहिला तरी पुरतं. आमच्या वखारीतही यायचा.

आजच करा. भोकवाला सिगार पिशवीत बांधून घराबाहेर टाका. उरलेले सगळे, आणि त्या डब्यात दुसरं जे काही असेल ते, दुहेरी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग परत एक दिवस फ्रीजमध्ये. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलेत तर पान तडकेल. तोवर डबा साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. देवदाराचा पापुद्राही त्याच पिशवीत घाला.

पाद्रोनची जोडी आणली असेल तर ती त्या डब्यात होती का, ते सांगा.

ओंकार_लेकलँड

पाद्रोन उद्या आणणार होतो. आता डबा वाळेपर्यंत थांबतो. पिशवी फ्रीजमध्ये ठेवली आहे, वर मराठीत चिठ्ठी लावली आहे. रूममेट सोलापूरचा आहे, त्याला वाचता येईल.